बर्पी मारा

पालथं पडल्यावरच माणसाला स्वतःच्या घराची नीट ओळख होते. सोफ्याखाली एक शेंगदाणा राहतो, टीव्हीच्या टेबलाचा चौथा पाय लाकडाचा नसून घडी घातलेल्या वर्तमानपत्राचा आहे, आणि माझ्या बायकोच्या, पायलच्या, कानातल्याची जी फिरकी हरवल्याबद्दल मी दिवाळीभर बोलणी खाल्ली ती फरशीच्या फटीत सुखरूप आहे, हे सगळं मला व्यायाम सुरू केल्यावर कळलं. व्यायामाचा शरीरावर काय परिणाम झाला ते पुढे येईलच. सामान्यज्ञानात मात्र पहिल्या आठवड्यापासून भर पडू लागली. त्या सकाळी मी असाच पालथा पडलो, छाती चटईला लावली, आणि स्वयंपाकघराच्या पडद्याखालून एक हात आला. मनगटाच्या आत ‘तुळसा’ असं गोंदलेला, म्हणजे आईचा. हाताने एक स्टीलची ताटली पुढे सरकवली, ती माझ्या नाकापासून चार बोटांवर येऊन थांबली, आणि हात परत गेला. ताटलीत दोन संत्रा बर्फ्या होत्या. स्टुलावर उभ्या केलेल्या फोनमधून भूपेश सर ओरडत होते की आणखी दहा बर्पी मारा, वीस पूर्ण करा, जाळा, जाळा. मी उठेना तेव्हा त्यांनी विचारलं, प्रीतम भाऊ, नेट गेलं की जीव गेला, तेवढं तरी कळवा.

बर्पी म्हणजे काय ते सांगतो. उभ्या माणसाने काही कारण नसताना खाली पडायचं, पालथं व्हायचं, परत उठायचं आणि उठल्याच्या आनंदात हात वर करून उडी मारायची. मग आपण कशासाठी उठलो होतो हे विसरून परत पडायचं. आमच्या ऑनलाइन बॅचचं नाव ‘भट्टी’. सकाळी सातला फोनच्या पडद्यावर चौकोनाचौकोनांत नागपूरचे सुटलेले लोक जमतात; एका गृहस्थांचा कॅमेरा कायम छताकडे असतो, त्यामुळे त्यांना आम्ही पंख्यावरून ओळखतो. भूपेश सर मूळचे उमरेडचे. ते अर्ध्या हिंदीत, अर्ध्या मराठीत आणि उरलेल्या इंग्रजीत ओरडतात, आणि प्रत्येक व्यायामाला ‘मारा’ म्हणतात. उड्या मारा, बैठका मारा, बर्पी मारा. आता आमच्याकडे ‘मारणे’ हे क्रियापद मुख्यतः खाण्याच्या बाजूचं. माणूस चौकात उभा राहून दोन प्लेट तर्री-पोहे मारतो, वरून चहा मारतो आणि मग ऑफिसात जाऊन झोपा मारतो. तेव्हा पडद्याआड बसलेल्या, मुलाला अर्ध्या चड्डीत बघायला लाजणाऱ्या आणि फक्त आवाजावर जगणाऱ्या बाईने त्या वाक्याचा जो अर्थ लावला तो व्याकरणदृष्ट्या निर्दोष होता.

क्लास संपल्यावर ती बाहेर आली. ताटली तशीच होती. तिने विचारलं, काहून गा, खाल्ली नाही? सर इतके ओरडून राहिले होते, बर्फी मारा, बर्फी मारा म्हणून. मी तिच्याकडे पाहिलं. मग ती आवाज खाली आणून, फोन अजून चालू असेल आणि समोरच्याला वाईट वाटेल अशा बेताने म्हणाली, “त्या पोराले फ येत नाही वाटते. जीभ जड असन बिचाऱ्याची.”

इथे मी बोलायला हवं होतं. तोंडही उघडलं होतं. पण आई आमच्याकडे कन्हानहून येऊन चार-पाच महिने झाले होते, आणि इतक्या काळात तिने ‘हो’, ‘नाही’, ‘ठेव तिथं’ आणि ‘लाइट बंद कर’ यापलीकडे फारसं काही म्हटलं नव्हतं. बाबा पावसाळ्यात गेले. त्यानंतर मी तिला नागपुरात, प्रतापनगरला आणलं तेव्हा ती आली म्हणजे जीपमध्ये बसली आणि उतरली. येणं असं काही झालं नाही. फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, अंगण नाही, पोळ्यांना बाई येते, नळाला वेळ नाही म्हणून पाणी भरायचं नाही. तिला हात लावायलाच घरात काही उरलं नव्हतं. दिवसभर ती खिडकीजवळच्या खुर्चीत पिशवीसारखी ठेवलेली असे. तिची खरी पिशवीही तशीच, चेन लावलेली, पलंगाखाली. कपडे ती पिशवीतूनच काढून घाली आणि धुऊन पिशवीतच ठेवी. पायलने कपाटात दिलेला कप्पा रिकामा होता. उन्हाळा लागायच्या आत मी जातो, हे तिने आल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं. तिकडे कोण आहे, असं मी विचारलं तर म्हणाली, घर आहे न. आणि आता ही बाई एका अनोळखी माणसाच्या जिभेची काळजी करत होती. ताटलीतली एक बर्फी मी उचलली. मग दुसरी. चांगली होती. ताजी. आणली कुठून म्हणून विचारलं तर कळलं, काल संध्याकाळी ती एकटी दोन जिने उतरून, चौकापर्यंत विचारत विचारत गेली होती.

तर असं ते सुरू झालं. रोज सकाळी मी पडायचो, पडद्याखालून ताटली यायची, मी उठायचो, आणि शेवटी घाम पुसत दोन बर्फ्या मारायचो. रोज संध्याकाळी ती केस विंचरून, बाहेरचं लुगडं नेसून चौकात जायची. आठवड्याभरात तिला माहीत झालं की मिठाईवाल्याच्या सुनेला आठवा लागलाय, की तळमजल्यावरचे निवृत्त साहेब बायकोपासून लपून जिलेबी नेतात, की अमुक गल्लीतला कुत्रा चावत नाही, फक्त विचारपूस करतो. मी आठ वर्षं या भागात राहतो, मला त्या कुत्र्याचा स्वभाव माहीत नव्हता. एकदा तिला मी आडून विचारलं की आई, व्यायाम करून वजन कमी करायचं तर बर्फी कशाला? ती म्हणाली, तो सर म्हणत नाही काय, जाळा म्हणून? मग जाळाले चुलीत काहीतरी घालाच लागते न. रिकामी चूल पेटवून काय जळते? मी यावर अजून विचार करतो आहे. चाळीस वर्षं कोळशाच्या खाणीतल्या माणसाशी संसार केलेल्या बाईला जळण्याविषयी मी काय सांगणार. कन्हानच्या घरी थंडीत सिगडी पेटायची, बाबा पाळीवरून आले की त्यांच्या कानाच्या मागे राहिलेला काळा डाग ती ओल्या फडक्याने पुसायची, आणि तेच फडकं सिगडीवर वाळत घालायची. त्या घरात जे आलं ते जळण्यासाठी आलं होतं आणि त्याचं कुणाला वाईट वाटत नव्हतं.

माझ्या मनगटावरचं घड्याळ रोज क्लास संपला की सांगे, आज इतक्या कॅलरी जाळल्या, शाब्बास. ते शाब्बास एका बाईच्या आवाजात म्हणे, आणि मला तिची दया येई, कारण तिला ताटलीचं माहीत नव्हतं. मी हिशोब केला होता. अर्धा तास जिवाच्या आकांताने पडून-उठून मी जे जाळत होतो, ते जवळजवळ तंतोतंत दोन संत्रा बर्फ्यांइतकं होतं. सणावाराला ती काजू घातलेली आणी, तेव्हा तूट यायची. म्हणजे मी व्यायाम करत नव्हतो. मी आईची बर्फी आल्या वाटेने परत पाठवत होतो, घामाच्या रूपात. दर रविवारी वजन करून बॅचमध्ये सांगायचं असे. लोक खाली उतरत होते. पंख्यावाले गृहस्थ इतके उतरले की त्यांनी आनंदाने कॅमेरा सरळ केला, आणि ते दिसायला पंख्यासारखेच निघाले. माझा काटा थोडा वर सरकला. पायल शाळेत शिकवते, सकाळी साडेसहालाच निघते आणि रविवारी उशिरापर्यंत झोपते, त्यामुळे तिने ताटली कधी पाहिली नव्हती. ती आधी काट्यावर संशय घेऊ लागली, मग पोळ्यांच्या बाईवर, मग माझ्या खानदानावर. तुह्यं शरीर भल्लं हट्टी आहे, असं म्हणून तिने माझ्या भातातला अर्धा भात काढून घेतला.

खरी गोष्ट पायलला माहीत होती आणि आईला नव्हती. आणि बर्फी आईला माहीत होती आणि पायलला नव्हती. दोघींच्या मधल्या भिंतीचं नाव प्रीतम. खरी गोष्ट अशी की मिहानमधल्या आमच्या कंपनीत आरोग्य शिबिर झालं. तिथे मी परदेशातल्या लोकांचे विम्याचे दावे अतिशय नम्रपणे नाकारतो. शिबिरातल्या डॉक्टरीणबाईंनी माझा कागद पाहिला आणि तितक्याच नम्रपणे सांगितलं की साखर काठावर आहे. घरात कुणाला होती? वडलांना, म्हटलं. त्यांनी मान हलवली, जशी मी फोनवर हलवतो आणि पलीकडच्याला दिसत नाही. तीन महिन्यांनी परत तपासू, वजन उतरवा. काठावर. हा शब्द मला चिकटला. काठावर माणूस बसतो, पाय सोडतो, मजेत असतो. काठावरून पडणं वगैरे जे काही होतं ते पुढे होतं. बाबाही बरीच वर्षं काठावर होते. मग ते वाळत गेले. त्यांनी एकही बर्पी मारली नाही, आणि जे निकाल आमच्या बॅचमध्ये कुणाला आले नाहीत ते त्यांना आले. पट्ट्याला खिळ्याने भोकं पाडत गेले, मग पट्टा उरला आणि कंबर संपली. भेटायला येणारे म्हणायचे, बळीराम भाऊ, चांगले सडपातळ झाले. बाबा म्हणायचे, हौ. आई त्या लोकांना चहा द्यायची नाही. म्हणून माझा काटा वर सरकला की, खोटं कशाला बोला, मला आतून जरा बरंही वाटायचं. आई माझ्या मनगटाकडे, गालांकडे हळूच बघायची आणि तिचा चेहरा सैल व्हायचा. एवढ्यासाठी माणसाने साखर वाढवून घ्यावी काय? घेऊ नये. मी रोज ठरवायचो की उद्या सांगीन, आणि उद्या पडद्याखालून हात यायचा.

मग तो रविवार आला. पायल त्या दिवशी लवकर उठली होती, दात घासत हॉलमध्ये फिरत होती. क्लास संपला आणि भूपेश सर एकेकाचा हिशोब घेऊ लागले. माझ्यापाशी आले तेव्हा त्यांचा ओरडण्याचा आवाज संपला होता आणि खरा, उमरेडचा आवाज लागला होता. प्रीतम भाऊ, महिना होऊन गेला, तुम्ही कॅमेऱ्यासमोर मेहनत करता हे मी पाहतो, पण वजन वाढून राहिलं. मला वजनाचं नाही, तुमच्या साखरेचं टेन्शन आहे. टेस्ट जवळ आली न?

पडदा हलला. आई बाहेर आली. मी अर्ध्या चड्डीत होतो हे तिला दिसलंच नाही.

“याले साखर हाय?” तिने फोनला विचारलं. मला नाही, पायललाही नाही; फोनला.

सर म्हणाले की काकू, तशी नाही, काठावर आहे. आई चटईवर आली, वाकली, तोंड फोनच्या इतकं जवळ नेलं की पंचवीस घरांत तिचं फक्त कपाळ दिसत असणार.

“त्याले काही बोलू नका सर. पोरगा इमानदार हाय, लय मेहनत करते. वजन उतरून नाही राहिलं ते माह्यामुळं. तुम्ही रोज वीस बर्फ्या सांगता. मी दोनच देतो.”

पायलचा ब्रश गालात थांबला. मला वाटलं आता कोणीतरी हसणार, आणि मी कोणावर ओरडायचं हेही ठरवून ठेवलं. पण एकही चौकोन हसला नाही, कारण आई अजून बोलत होती. ती अपराध कबूल करणाऱ्या माणसासारखी सरळ उभी राहिली होती. “तुम्ही शिकलेले, तुम्हाले माहीत. पण वीस द्यायची मले हिंमत नाही झाली. याच्या बाबाले साखर होती. डॉक्टरनं नाही म्हटलं, तर त्यायले मी एकबी नाही देल्ली. शेवटी शेवटी मागत होते. बर्फीच मागत होते, हीच, संत्र्याची. नाही देल्ली. तरी गेले.” ती थांबली. “म्हणून याले दोन.”

भूपेश सर म्हणाले, काकू, दोन बरोबर होत्या. मीच जास्त सांगत होतो. आणि कुठल्याशा चौकोनातून एक बारीक आवाज आला की सर, मग मलेही दोनच द्या. मी फोन पालथा घातला.

त्यानंतर घरात जे झालं त्याला भांडण म्हणता येणार नाही, कारण भांडायला कोणी तयार नव्हतं. पायलने तोंड धुतलं आणि मला एवढंच विचारलं, रोज? मी मान हलवली. ती म्हणाली, अन् मी तुह्या भातावर नजर ठेवून बसली. मग ती आईपाशी जाऊन बसली आणि तिने आईचा हात हातात घेतला, माझा आमच्या लग्नानंतर कधी घेतला नव्हता इतक्या ठामपणे. मी आईला बर्पी समजावून सांगितली. सांगून कळेना तेव्हा करून दाखवली. पडलो, उठलो, उडी मारली. तिने डोळे बारीक करून पाहिलं आणि परत कर म्हणाली. मी परत केली. “अन् हे करायचे तू पैसे देते?” ती म्हणाली, आणि तिच्या पोटातून एक आवाज आला. तो मी पावसाळ्यापासून ऐकला नव्हता म्हणून मला आधी खोकला वाटला. ती हसत होती. पदर तोंडाला लावून, खांदे हलवत, मला परत पड म्हणत. मी पडलो. हसता हसताच ती रडायला लागली, आणि नेमकी कुठे बदलली ते मला खालून दिसलं नाही.

दुपारी तिने पिशवी पलंगाखालून ओढली. म्हणाली, मी इथं राहिली तर तुले खाऊ घालीन. मले दुसरं येत नाही. कन्हानले जातो. मी खूप बोललो. आता आठवत नाही, पण त्यात बराचसा भाग मी फोनवर दावे नाकारताना वापरतो तसलाच असावा, कारण ती ऐकत होती आणि तिच्यावर परिणाम होत नव्हता. शेवटी पायल म्हणाली की आई, याचा रिपोर्ट येऊ द्या. साखर उतरली की जा. तोवर याच्याकडं लक्ष कोण ठेवन, मी तर सकाळीच जातो. आईने विचार केला. रिपोर्ट येईपर्यंत थांबतो, म्हणाली. पिशवी परत पलंगाखाली गेली, पण अर्धीच. एक बंद बाहेर राहिला.

इथून पुढे माझी जी अवस्था झाली ती मी कुणाला सांगू शकलो नाही. साखर उतरली तर आई जाणार. नाही उतरली तर मी बाबांच्या वाटेने जाणार, पण आई राहणार. रोज सकाळी ती आता पडद्याच्या अलीकडे, स्टूल घेऊन, माझ्यासमोर बसायची, आणि सरांच्या आधी ‘हं, पड’ म्हणायची. संध्याकाळी मला ओढून चौकापर्यंत चालवायची. मिठाईवाला तिला पाहून डबा काढायला लागे तर ती त्याला दुरूनच हात हलवून नाही म्हणे आणि त्याच्या सुनेची चौकशी करून पुढे जाई. माझा काटा उतरू लागला. गाल बसले. आरशात मला माझ्या चेहऱ्यात दुसराच एक चेहरा दिसायला लागला, कानामागे काळा डाग असलेला, आणि आईलाही तो दिसत असणार, कारण जेवताना ती माझ्या मनगटाला नुसतं दोन बोटांनी धरून बघायची आणि सोडून द्यायची. ती मला कमी वाढत होती. भाकर अर्धी मोडून उरलेली परत टोपल्यात ठेवताना तिचा हात थांबायचा. बाबांच्या वेळेलाही तो असाच थांबत असेल. हे ती दुसऱ्यांदा करत होती, आणि करून झाल्यावर एकटी निघून जाणार होती, त्या घरात, जिथे कुणी काही मागणार नव्हतं. असल्या माणसासमोर मन लावून उड्या मारणं कठीण असतं. काही सकाळी मी मुद्दाम हळू पडलो. हळू पडलो तर ती म्हणायची, काहून गा, जीव गेला काय?

तपासणीचा निकाल आला तेव्हा मार्च संपत आला होता आणि मी न् पायल गच्चीवरून कूलर खाली आणत होतो. जिन्यात मधेच फोन वाजला. कूलर दोन पायऱ्यांवर तिरपा टेकवून मी पाहिलं. उतरली होती, पण पूर्ण नाही. काठावरून थोडी अलीकडे, एवढंच. पायलने वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं, आणि आम्ही दोघांनी कूलर उचलला. खाली आमचं दार उघडं होतं. आई दारात उभी होती, फोनचा आवाज ऐकून आली असावी. तिने कूलरला लावायची नवी खसची ताटी कडेवर मुलासारखी धरली होती. काय आलं, तिने विचारलं.

“उतरली,” मी म्हटलं. “पण थोडी बाकी आहे. तीन महिन्यांनी परत पाहतो म्हणे.”

अशा वेळी आईच्या चेहऱ्यावर काळजी यायला हवी. आली. पण जरा उशिरा आली, आणि तिच्या आधी जे येऊन गेलं ते मी पाहिलं. पायलनेही पाहिलं असावं, कारण तिने कूलरची तिची बाजू खाली ठेवली आणि घाम नसताना पुसला. आई बराच वेळ ताटीचं गवत बोटांनी सारखं करत राहिली. मग ती दारातून बाजूला झाली.

“तीन महिने म्हणजे उन्हाळा गेला पूर्ण,” ती म्हणाली. “हॉलमधे नको ठेवू गा तो कूलर. माह्या खोलीच्या खिडकीले लाव.”